रेडिएटर फॅनला हाताचा स्विच कसा बसवायचा

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला गाड्या खोळंबल्या की कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी दिसतेच. मुंब्रा बायपासला कंटेनरच्या मागे अडकलं तरी तेच चित्र. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला पुरून उरतो. ती रांगायला लागली की सगळी भिस्त एका इलेक्ट्रिक फॅनवर येते, आणि तो फॅन कधी लागणार हे ठरवतो थर्मो स्विच. बहुतेक छोट्या गाड्यांत कूलंट ९० अंश सेल्सिअसच्या पुढे, शंभरीच्या आत कुठेतरी पोचलं की हा स्विच फॅनला करंट देतो. स्विच म्हातारा झाला की कधी उशिरा देतो, कधी देतच नाही.

गॅरेजमध्ये यावर ठरलेला इलाज मिळतो. "काका, फॅन डायरेक्ट मारून देतो. टेन्शनच संपलं." डायरेक्ट म्हणजे चावी फिरवल्यापासून चावी काढेपर्यंत फॅन चालूच. गाडी गरम होत नाही हे खरं. पण सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं, सतत फिरून मोटरचे ब्रश लवकर झिजतात, आणि पावसात हेडलाइट, वायपर, फॅन सगळं एकदम चालू असलं की आयडलिंगला जुना अल्टरनेटर मेटाकुटीला येतो.

इथे सांगतोय ती पद्धत वेगळी आहे. कंपनीचं ऑटोमॅटिक सर्किट आहे तसं चालू ठेवायचं आणि त्याच्या जोडीला रिलेमधून (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) फॅनला दुसरी वाट द्यायची. डॅशबोर्डवरचा स्विच बंद असेल तेव्हा गाडी पूर्वीसारखीच वागते. चालू केला की थर्मो स्विच काहीही म्हणो, फॅन फिरतो. माझ्या जुन्या हॅचबॅकला हे बसवलंय, सोसायटीतल्या काही गाड्यांनाही लावून दिलंय. मल्टीमीटर धरता येत असेल आणि एक मोकळा रविवार असेल तर जमण्यासारखं काम आहे.

१. आधी बघा, खरंच स्विचच हवा आहे का

हा स्विच औषध नाही. गाडी गरम होण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर फॅनचा काही इलाज चालत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा. रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे बसून ती बंद झाली आहे का ते टॉर्च मारून बघा. रेडिएटर कॅपचं रबर चिरलं असेल तर कॅप बदला. या कॅपमुळेच आत दाब राहतो आणि कूलंट शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. थर्मोस्टॅट वॉल्व्ह अडकला असेल तर वरचा होज गरम आणि खालचा गार अशी अवस्था असते. फॅन फिरत असतानाही तापमानाचा काटा चढतोय आणि एक्स्पान्शन टँकमध्ये सतत बुडबुडे येतायत, तर हेड गॅस्केटची (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) शंका घ्या आणि हा लेख बाजूला ठेवून मेकॅनिककडे जा.

आता फॅनकडे. एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटर फॅनही फिरायला लागतो. म्हणजे ज्याचा एसी चालू स्थितीत आहे त्याच्याकडे एक तयार स्विच आहेच. जाममध्ये एसी लावून फॅनचा आवाज येतोय का ते ऐका. येत असेल आणि गाडी एरवी एसीविना गरम होत असेल, तर दोष थर्मो स्विचमध्ये असण्याची शक्यता मोठी. तो बदलून घ्या. हाताचा स्विच नंतर हवा तर बसवा. दोन्ही वेळेस फॅन हलत नसेल तर फ्यूज बघा, मग फॅनचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून थेट फ्यूजमधून करंट देऊन बघा. मोटरच मेली असेल तर शंभर स्विच लावून उपयोग नाही.

सीएनजी किट असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम राहावा म्हणून कूलंटचे दोन होज त्याच्याकडे नेलेले असतात. किट बसवल्यावर किंवा कूलंट बदलल्यावर या फेऱ्यात हवा अडकली की काटा वर-खाली नाचतो. ती हवा काढली की अर्ध्या गाड्यांची तक्रार तिथेच मिटते.

२. या गाड्यांना हात लावू नका

वॉरंटीतली गाडी: नको. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, त्या आणि त्यानंतरच्या गाड्यांत फॅन इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चालवतो, काहींत तर फॅनचा वेग कमी-जास्त करणारं वेगळं मॉड्यूल असतं. त्यात बाहेरून करंट घुसवला तर मॉड्यूल जळतं, नाहीतर डॅशवर चेक इंजिनचा दिवा लागून बसतो.

फॅनच्या प्लगला दोनापेक्षा जास्त वायरी असतील तर तो दोन वेगांचा किंवा मॉड्यूलवाला फॅन आहे असं समजा आणि थांबा. जुन्या जीप आणि ट्रकचा फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यांचा इथे प्रश्नच येत नाही. लिक्विड कूल्ड बाइकच्या वायरी आणि फ्यूज बारीक असतात, तिथे हे आकडे वापरू नका.

राहिल्या त्या दोन वायरींच्या साध्या फॅनच्या गाड्या, विशेषतः कार्ब्युरेटरवाल्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या). हा लेख त्यांच्यासाठी.

३. कागद काय लागतात

आरसी जवळ ठेवा, कारण वायरिंगचा नकाशा शोधताना नेमकं मॉडेल, व्हेरियंट आणि वर्ष लागतं. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या फरकाने वायरींचे रंग बदललेले असतात. नकाशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. इन्शुरन्सची पॉलिसी एकदा वाचून घ्या. बाहेरून केलेल्या वायरिंगमुळे आग लागली असं सर्व्हेअरला वाटलं तर क्लेम अडू शकतो. म्हणूनच पुढे फ्यूजबद्दल इतका आग्रह धरलाय. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) थकली असेल तर आधी ती करून घ्या. बॉनेटखाली गॅसची नळी कुठून जाते ते बघून ठेवा, तुमची वायर तिच्याजवळून जाता कामा नये.

४. सामान

— १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचा चार पिनी रिले आणि त्याचा वायरीसकट बेस
— ब्लेड फ्यूजचा पाणी न शिरणारा होल्डर, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज
— २.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर, लाल आणि काळी (फॅनच्या करंटसाठी)
— ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएमची वायर, वेगळ्या रंगाची (स्विचसाठी)
— साधा दोन पिनी रॉकर स्विच. आवडत असेल तर १२ व्होल्टचा पॅनल एलईडी
— फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जोडीला दुसरी वायर काढून देणारा) आणि ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज
— थिंबल (बोल्टाखाली बसणारी वायरीची कडी), बट कनेक्टर (दोन वायरी जोडणारी नळी), स्पेड पिना, हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, लवचीक नळी
— मल्टीमीटर, क्रिंपिंगची (कनेक्टर वायरीवर दाबून बसवण्याची) पकड, दहाचा पाना, बारीक पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली

खरेदीतले सापळे सांगतो. पहिला: कळंबोली आणि तुर्भ्याला ट्रकचं सामान विकणारी दुकानं भरपूर आहेत, तिथे अगदी याच आकाराचा रिले २४ व्होल्टचा मिळतो. तो १२ व्होल्टवर एक तर ओढत नाही किंवा धरसोड करतो. रिलेच्या पाठीवरचा आकडा स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. दुसरा: पाच पिनी रिले. त्यात मधली पिन बऱ्याचदा ८७ए असते आणि ती रिले बंद असताना जोडलेली असते. फॅनची वायर चुकून तिथे लागली की स्विच उलटा चालतो: बंद केल्यावर फॅन चालू. चार पिनीच घ्या, भानगडच नको. तिसरा: घरातल्या वायरिंगची उरलेली अडीचची वायर. जाडी पुरेशी असते, पण घरगुती पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांसाठी बनवलेली असते. बॉनेटखाली, जाममध्ये उभ्या गाडीत, इंजिनच्या शेजारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. इन्सुलेशन आधी मऊ होतं, मग कडक होऊन तडकतं.

फ्यूज किती अँपिअरचा? छोट्या गाडीचा फॅन साधारण ८० ते १२० वॉटचा असतो, म्हणजे फिरताना सात-दहा अँपिअर. सुरू होतानाचा झटका याच्या काही पट असतो, म्हणून १५ किंवा २०. कंपनीने त्या फॅनला जो फ्यूज दिलाय त्यापेक्षा मोठा घालायचा नाही, आणि कंपनीच्या वायरीपेक्षा बारीक वायर वापरायची नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम सुरक्षित झालं.

५. तुमच्या फॅनचं सर्किट ओळखा

बहुतेक गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश. इंजिन थंड पाहिजे. फॅनचा प्लग काढा. चावी ऑनवर, इंजिन बंद. मल्टीमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल प्रोब गाडीकडून आलेल्या प्लगच्या एकेका पिनेला.

एका पिनेवर १२ व्होल्ट दिसले: याचा अर्थ फॅनला पॉझिटिव्ह कायम येतोय आणि थर्मो स्विच त्याची अर्थ (बॉडीकडे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वाट) जोडतो-तोडतो. याला आपण 'अर्थवाला' म्हणू.

दोन्ही पिनांवर शून्य दिसलं: चावी बंद करा, मीटर ओहमवर घ्या आणि दोन्ही पिना बॉडीशी तपासा. एक पिन सरळ बॉडीला लागलेली असेल तर अर्थ कायम आहे आणि पॉझिटिव्ह रिलेतून येतो. हा 'पॉझिटिव्हवाला'.

दोन्हीपैकी काहीच जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. असल्या गाडीत दोन फॅनची मिळून एखादी वेगळी रचना असते, ती नकाशाशिवाय कळत नाही.

अर्थवाल्यात आणखी एक गोष्ट तपासा: तो १२ व्होल्ट चावी काढल्यावर जातो की राहतो? उत्तर लिहून ठेवा, पुढे लागेल.

६. बॅटरी सोडवा, रिलेची जागा ठरवा

दहाचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक लागतो. बॅटरी जोडलेली असताना पात्यांजवळ बोटं न्यायची नाहीत.

रिले बॅटरीच्या आसपास, एक्झॉस्टपासून लांब, पिना खाली येतील असा बसवा. पिना वर ठेवल्या तर पहिल्याच पावसाळ्यात बेसमध्ये पाणी साचतं. कंपनीचा एखादा बोल्ट वापरता आला तर पत्र्याला नवीन भोक पाडू नका.

७. रिलेची कॉइल: स्विच अर्थच्या बाजूला ठेवा

रिलेच्या पिनांवर बारीक इंग्रजी आकड्यांत ३०, ८५, ८६, ८७ कोरलेलं असतं. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल असते. कॉइलला करंट मिळाला की ती आतली पट्टी ओढते आणि ३० व ८७ जोडले जातात. कॉइल खाते जेमतेम दीड-दोनशे मिलीअँपिअर, त्यामुळे केबिनमध्ये न्यायची वायर बारीक चालते आणि डॅशबोर्डचा स्विच तापत नाही. फॅनचा पूर्ण करंट स्विचमधून नेणारे महाभाग असतात. त्यांचे स्विच वितळलेले मी पाहिलेत: रॉकर चालूच्या बाजूला चिकटून बसलेला, मागची पिन प्लास्टिकमध्ये रुतलेली, आणि फॅन बंद करायला बॅटरी काढण्याशिवाय मार्ग नाही.

८६ ला चावीवर येणारा १२ व्होल्ट द्या, लहान फ्यूजमधून. ८५ ची वायर केबिनमध्ये नेऊन स्विचच्या एका पिनेला जोडा आणि स्विचची दुसरी पिन बॉडीला.

बरेच जण उलट करतात, म्हणजे पॉझिटिव्ह केबिनमध्ये नेतात, स्विचमधून रिलेला परत आणतात आणि ८५ जागेवरच अर्थ करतात. चालतं तेही. पण विचार करा, ही लांब वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून जाणार, वर्षानुवर्षं थरथरणार, कधीतरी घासून उघडी पडणार. तिच्यात पॉझिटिव्ह असेल तर पत्र्याला लागताच शॉर्ट, आणि फ्यूज नसेल तर धूर. तिच्यात नुसती अर्थ असेल तर पत्र्याला लागल्यावर फक्त फॅन चालू होतो. बिघाड झालाच तर तो इंजिन थंड ठेवण्याच्या बाजूने झालेला बरा.

८६ साठी करंट कुठून घ्यायचा? अर्थवाल्या गाडीत, फॅनचा पॉझिटिव्ह चावी काढल्यावर जात असेल, तर त्याच वायरीवरून ८६ घ्या; काम तिथल्या तिथे होतं. चावी काढूनही तो १२ व्होल्ट राहत असेल, किंवा गाडी पॉझिटिव्हवाली असेल, तर फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप लावून घ्या. वायपर किंवा तत्सम फ्यूज निवडा. एअरबॅग, एबीएस, इसीयू आणि फ्युएल पंपाच्या फ्यूजवर टॅप लावायचा नाही. चावीशिवायचा कायमचा करंट घेतलात तर एके रात्री स्विच चालू राहील आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल.

रिलेवर आत डायोडची खूण छापलेली असेल तर ८६ लाच पॉझिटिव्ह गेला पाहिजे, उलटं जोडलं तर डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. डायोड नसलेल्या रिलेला ८५-८६ ची अदलाबदल चालते, पण सवय एकच ठेवलेली बरी.

८. फॅनची जोडणी

अर्थवाली गाडी: रिलेच्या ३० वरून काळी अडीचची वायर फॅनच्या निगेटिव्ह वायरीला जोडा, फॅन आणि थर्मो स्विचच्या मध्ये. ८७ वरून तशीच वायर बॉडीला. संपलं. नवा फ्यूज होल्डरही लागत नाही, कारण फॅनचा करंट कंपनीच्याच फ्यूजमधून येतोय. आता फॅनच्या अर्थला दोन वाटा आहेत, एक थर्मो स्विचची, एक तुमची.

पॉझिटिव्हवाली गाडी: बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून लाल अडीचची वायर, तिच्यावर फ्यूज होल्डर, तिथून रिलेच्या ३० ला. ८७ वरून फॅनच्या पॉझिटिव्ह वायरीला. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो रिलेजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर वाऱ्यावर सोडल्यासारखी होते. अपघातात नेमका हाच पुढचा भाग चेपतो. होल्डरमध्ये फ्यूज आत्ता घालू नका, सगळं झाल्यावर घाला.

याच गाडीत काही जण कंपनीच्या रिलेच्या कॉइलची अर्थ स्विचने देतात, म्हणजे वेगळा रिले लागत नाही. थर्मो स्विचवाल्या गाडीत ते जमतं. पण ती अर्थ इसीयू देत असेल तर त्याला बंदच्या वेळीही पिन अर्थला दिसते आणि तो फॉल्ट कोड टाकू शकतो. वेगळा रिले लावा, खर्च काही मोठा नाही.

जोड कसा मारायचा ते नीट बघा, पुढचे सगळे त्रास जोडातूनच येतात. फॅनच्या प्लगपासून चार बोटं अंतर सोडून वायर कापा, म्हणजे उद्या प्लग बदलायला लांबी उरते. हीट श्रिंक स्लीव्ह आधी ओवा, मग क्रिंप करा. जोड झाल्यावर स्लीव्ह हातात शिल्लक राहिली की ती घालायची सोय नसते. बट कनेक्टरच्या एका बाजूला फॅनकडची वायर, दुसऱ्या बाजूला जुनी आणि नवी मिळून दोन. क्रिंप झाल्यावर जोरात ओढून बघा. हाताने सुटतो तो जोड नव्हेच. नुसतं पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, पावसात पाणी शिरतं, आणि खाडीकाठच्या खारट हवेत तांब्याला हिरवा गंज धरतो. हा गंज इन्सुलेशनच्या आतून वायरीवर पुढे पुढे सरकतो. वरून वायर धडधाकट दिसते, सोलली की आत हिरवी पूड.

अर्थचा बोल्ट रंगावर बसवू नका. बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा, चकचकीत धातू दिसू द्या, थिंबल ठेवून बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. आवळण्याच्या आधी नाही, नंतर.

९. केबिनमध्ये वायर आणि स्विच

फायरवॉलमधून कंपनीच्या वायरी ज्या रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेचं रबरी कडं) येतात त्यातूनच आपली वायर घ्या, लवचीक नळीत घालून. नवीन भोक पाडलंत तर त्यात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालायची नाही. बॉनेटच्या बाजूला ग्रोमेटच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून जातं, तुमच्या पायाशी येत नाही.

स्विच गुडघा लागणार नाही पण न बघता हात पोचेल अशा जागी. दिवा हवा असेल तर एलईडीचा पॉझिटिव्ह चावीवरच्या लहान फ्यूजमधल्या करंटला आणि निगेटिव्ह स्विचच्या ८५ कडच्या पिनेला जोडा. स्विच लागला की दिवा लागतो. आतच एलईडी असलेले तीन पिनी स्विच मिळतात, पण ते पॉझिटिव्हच्या बाजूला वापरायला बनवलेले असतात. आपल्या अर्थच्या जोडणीत त्यातला दिवा लागत नाही आणि मग लोक रिलेला दोष देत बसतात. स्टीअरिंगच्या आणि पेडलच्या हलणाऱ्या भागांपासून वायर केबल टायने लांब बांधा. हे विसरायची गोष्ट नाही.

१०. तपासणी

फॅनचा प्लग घाला, पॉझिटिव्हवाल्या गाडीत मोठा फ्यूज घाला, शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह. हत्यारं बॉनेटखाली राहिली नाहीत ना ते बघा. चावी ऑन, इंजिन बंद, स्विच चालू. रिलेचा 'टक' आवाज आणि त्यापाठोपाठ फॅन. टक ऐकू आला पण फॅन नाही: ३०-८७ ची बाजू बघा. टकच नाही: कॉइलची बाजू.

फॅन फिरतोय म्हणून खूश होऊ नका, दिशा बघा. इंजिनच्या बाजूला बसवलेला फॅन पुढची हवा रेडिएटरमधून आत ओढतो. वर्तमानपत्राचा कपटा ग्रिलसमोर धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर उडत असेल तर फॅनच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

फॅन चालू असताना बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि फॅनचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कुठला तरी जोड कच्चा आहे. अर्थच्या बाजूलाही तेच करा. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डरला आणि रिलेच्या बेसला हात लावा. कोमट चालेल, चटका नको.

आता स्विच बंद करा, इंजिन सुरू करा आणि गाडी जागेवर तापू द्या, एसी बंद. फॅन आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला पाहिजे. हे झालं तरच जुनं सर्किट शाबूत आहे. शेवटी स्विच चालू ठेवूनच चावी काढा, फॅन थांबला पाहिजे.

११. वापर कसा करायचा

काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला की, किंवा पुढे जाम दिसतोय, कापूरबावडी-मानपाड्याला कुठल्याशा कामाने लेन आखडली असेल, तर आधीच स्विच टाका. गाडी चाळीस-पन्नासच्या वर पळायला लागली की बंद करा, तिथून पुढे वारा त्याचं काम करतो. ज्या गाड्यांत काटाच नाही, नुसता लाल दिवा आहे, त्यांत ओबीडी पोर्ट (गाडीची तपासणी करायचा सॉकेट) असेल तर ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान बघता येतं. दिवा लागेपर्यंत वाट बघू नका, तो फार उशिरा लागतो.

फॅन चालू असूनही काटा चढतोच आहे, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. घामाच्या धारा लागतील, पण हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा लालकडे गेला तर कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. चावी ऑन ठेवून फॅन चालवला तर रेडिएटर गार होतो, पण इंजिन बंद असल्याने बहुतेक गाड्यांत पंप फिरत नाही, आतली उष्णता हळूहळूच जाते. रेडिएटर कॅप गरम असताना उघडायची नाही. वाफ थेट तोंडावर येते. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतायचं नाही.

पावसाळ्यात याच्या बरोबर उलटं. ठाण्यात वंदना टॉकीजच्या चौकात पाणी भरलेलं असेल आणि त्यातून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर पाण्यात शिरण्याआधी हा स्विच आणि एसी दोन्ही बंद करा. फिरती पाती पाण्यात बुडाली की वाकून रेडिएटरच्या जाळीला घासतात, आणि मोटर अडली तर फ्यूज उडतो. ऑटोमॅटिक सर्किट मात्र तुमचं ऐकणार नाही, इंजिन तापलेलं असेल तर फॅन लागेलच. पाणी बंपरला लागत असेल तर थांबलेलं बरं.

दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधी अर्थचा बोल्ट, फ्यूज होल्डर आणि रिलेचा बेस उघडून बघा. हिरवं काही दिसलं तर पिन बदला. आणि जोडणीची एक साधी आकृती, कुठल्या रंगाची वायर कुठे गेली, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे हे सगळं लिहून आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. गाडी उद्या दुसऱ्या कुणा इलेक्ट्रिशियनकडे गेली की तो पहिल्यांदा हीच अनोळखी वायर कापायला निघतो.